समुद्र कोर्टात मिळाला, पुढे काय? बांगलादेशचं प्रकरण, सोलापूरच्या वर्गातून

सोलापूर शहरापासून जवळचा समुद्रकिनारा अडीचशे किलोमीटरच्या पुढे, मधे सह्याद्री. इथल्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गात ‘नील अर्थव्यवस्था’ (समुद्राच्या जोरावर चालणारं अर्थकारण) हा मुद्दा आला की मुलं व्याख्या पाठ करतात, मासेमारी, बंदरं, पर्यटन, खनिजं अशी चार नावं लिहितात आणि पुढचं पान उलटतात. मी हा विषय एकाच देशावरून शिकवतो, बांगलादेशवरून. सेशेल्सचे समुद्राच्या कामांसाठी काढलेले निळे रोखे किंवा मालदीवची पर्यटन बेटं वाचायला छान वाटतात, पण तिथली लोकसंख्या आपल्या एखाद-दोन तालुक्यांएवढी. बांगलादेश सतरा कोटींचा देश. नद्यांचा, गाळाचा आणि कापड कारखान्यांचा. शिवाय त्याला समुद्र मिळाला तो तारखेसह, चौरस किलोमीटरच्या आकड्यासह. म्हणून ‘मिळाल्यावर काय केलं’ हा प्रश्न तिथे नेमका विचारता येतो.

आत वळलेला किनारा

दोन शेजाऱ्यांची सागरी हद्द ठरवायची सोपी रीत म्हणजे समदूर रेषा. दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरचे बिंदू जोडत जायचं. किनारा सरळ असला तर यात कुणाचं फारसं नुकसान होत नाही. बांगलादेशचा किनारा आत वळलेला आहे, पश्चिमेला भारत आणि पूर्वेला म्यानमार. दोन्हीकडून अशा रेषा ओढल्या की त्या पुढे एकमेकींना मिळतात आणि बांगलादेशच्या वाट्याला एक निमुळता तुकडा उरतो, २०० सागरी मैलांच्या, म्हणजे किनारी देशाच्या नेहमीच्या हक्काच्या हद्दीच्या, बराच अलीकडे संपणारा. फळ्यावर खडूने हे काढून दाखवलं की मागच्या बाकावरच्यालाही भांडण कशाचं ते कळतं. जर्मनीचं उत्तर समुद्रात हेच दुखणं होतं, एका बाजूला डेन्मार्क, दुसऱ्या बाजूला नेदरलँड्स. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने समदूर रेषा बंधनकारक नाही असं म्हटलं आणि बांगलादेशने पुढे त्याच निकालाचा आधार घेतला.

बांगलादेशने स्वतःचा सागरी क्षेत्रांचा कायदा १९७४ मध्येच केला होता. भारत आणि म्यानमारशी बोलणी तेव्हापासूनची. तीसेक वर्षं बैठका झाल्या, चहा झाला, निवेदनं निघाली, रेषा काही निघाली नाही. २००८ मध्ये ढाक्याने समुद्रातले २८ ब्लॉक तेल-वायूच्या शोधासाठी लिलावात काढले, तर दोन्ही शेजाऱ्यांनी त्यातल्या बहुतेकांवर हरकत घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात म्यानमारने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीला सोबत घेऊन वादग्रस्त पाण्यात शोधकाम सुरू केलं आणि बांगलादेशने नौदलाची जहाजं पाठवली. गोळी झाडली गेली नाही. पण नुसत्या बोलण्याने हे सुटणार नाही, हे ढाक्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

८ ऑक्टोबर २००९ रोजी बांगलादेशने दोन्ही शेजाऱ्यांविरुद्ध एकाच दिवशी लवादाची प्रक्रिया सुरू केली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच. भारतासारख्या मोठ्या शेजाऱ्याला, ज्याच्याशी नदीच्या पाण्यापासून कांद्यापर्यंत शंभर व्यवहार आहेत, कोर्टात खेचायचं आणि तरी संबंध तुटू द्यायचे नाहीत. परराष्ट्र खात्यात यासाठी वेगळा सागरी विभाग होता, त्याचं काम निवृत्त रिअर ॲडमिरल खुर्शीद आलम बघत होते. वकील परदेशी, नकाशे नौदलाचे आणि पाठपुरावा एका टेबलावरून. निकालांइतकीच ही मांडणीही अभ्यासण्यासारखी आहे, कारण समुद्र मिळाल्यानंतर नेमकी तीच हरवली.

म्यानमारचं प्रकरण हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणापुढे गेलं. निकाल १४ मार्च २०१२ चा. त्या न्यायाधिकरणाने ठरवलेली ही पहिली सागरी हद्द. भारताबरोबरच्या प्रकरणाचा निकाल हेगमध्ये ७ जुलै २०१४ रोजी लागला. २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी १९,४६७ बांगलादेशकडे. दोन्हीकडे बांगलादेशने मागितलेला मार्ग, दोन किनाऱ्यांच्या दिशांमधला कोन दुभागून रेषा काढण्याचा, फेटाळला गेला. समदूर रेषाच घेतली, पण पुढे ती वळवून बांगलादेशला मोकळ्या समुद्राकडे वाट करून दिली. म्हणजे मागणी एका रीतीची होती आणि पदरात पडलं दुसऱ्या रीतीने. परीक्षेत ‘बांगलादेशचा दावा मान्य झाला’ असं लिहिणाऱ्याचे मी अर्धे गुण कापतो.

यात दोन गमती आहेत. न्यू मूर किंवा दक्षिण तालपट्टी नावाच्या बेटावरून भारत आणि बांगलादेशने १९७० च्या दशकापासून वाद घातला, भारताने तिथे झेंडाही रोवला होता. निकाल लागेपर्यंत ते बेट पाण्याखाली गेलेलं होतं. दुसरी गंमत ‘करड्या पट्ट्या’ची. रेषा वळवल्यामुळे असा एक भाग तयार झाला जो बांगलादेशच्या किनाऱ्यापासून २०० मैलांच्या बाहेर, पण भारताच्या २०० मैलांच्या आत आहे. तिथे समुद्रतळ बांगलादेशचा आणि वरचं पाणी भारताचं. खालचा वायू एकाचा, वरचा मासा दुसऱ्याचा. म्यानमारच्या बाजूलाही असाच एक पट्टा आहे.

भारताने निकाल निमूट मान्य केला, हेही नोंदवायला हवं. दोनच वर्षांनी दक्षिण चीन समुद्राबद्दलचा निकाल चीनने धुडकावला, त्याच्या शेजारी हे ठेवून बघावं.

हिशेब अखेर असा झाला: १,१८,८१३ चौरस किलोमीटर सागरी क्षेत्र. देशाची जमीन १,४७,५७० चौरस किलोमीटर. ढाक्यात जल्लोष झाला, वर्तमानपत्रांनी ‘समुद्रविजय’ म्हटलं. आणि इथून खरं प्रकरण सुरू होतं.

सव्वीस क्षेत्रं, एक कक्ष

निकालांनंतर सरकारने नील अर्थव्यवस्थेची २६ क्षेत्रं ठरवली. जहाजवाहतूक, मासेमारी, मीठ, वायू, वारा-लाटांची वीज, जहाजबांधणी, जहाजतोडणी, पर्यटन, सागरी औषधं, सगळं त्यात आलं. २०१७ मध्ये ‘ब्लू इकॉनॉमी सेल’ स्थापन झाला तो ऊर्जा खात्यात. मासे मत्स्य खात्याकडे, बंदरं नौवहन खात्याकडे, हद्दीचा विषय परराष्ट्र खात्याकडे आणि या सगळ्यांचा मेळ घालणारा कक्ष वायू-कोळशाच्या खात्यात, तोही कायद्याचं बळ नसलेला. सरकारी कचेरीत एका सहीसाठी तीन मजले चढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

वर्गात मी इथे उजनीचं उदाहरण देतो, कारण ते सोलापूरकराला फोडून सांगावं लागत नाही. उजनीची साठवण ११७ टीएमसी, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा. पावसाळा चांगला गेला की धरण १११ टक्के भरल्याची बातमी येते, उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ जाते. धरण काठोकाठ भरलेलं असतं त्या दिवसांतही शहरातल्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, कारण शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी, पंप, टाक्या, वितरण हे वेगळं काम आहे आणि ते धरण बांधल्याने आपोआप होत नाही. बांगलादेशच्या हाती २०१४ मध्ये धरण आलं. जलवाहिनी कुठून टाकायची हे ठरवायलाच पुढची दहा वर्षं गेली.

वायू: शेजाऱ्याला मिळाला

खटला मुळात वायूसाठी होता, म्हणून आधी तोच बघू. बांगलादेशच्या समुद्रातून आजवर वायू निघाला तो एकाच क्षेत्रातून, त्याचं नाव ‘सांगू’. १९९८ मध्ये उत्पादन सुरू, २०१३ मध्ये बंद. त्याच २०१३ मध्ये म्यानमारच्या श्वे क्षेत्रातला वायू नळाने चीनच्या युनानकडे निघाला. हद्दीच्या पलीकडे वायू आणि अलीकडे रिकामं, हे ढाक्याला फार लागलं.

निकालांनंतर काय झालं? कोनोकोफिलिप्स कंपनी खोल समुद्रातले दोन ब्लॉक सोडून गेली. ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनी २०१४ मध्ये दोन उथळ ब्लॉक घेतले, एक विहीर खोदली, ती कोरडी निघाली. मार्च २०२४ मध्ये सरकारने २४ ब्लॉक पुन्हा लिलावात काढले. ऑगस्टमध्ये सरकारच बदललं, मुदत वाढवली आणि डिसेंबरात पेटी उघडली तर एकही निविदा नाही. कागदपत्रं विकत घेतलेल्या कंपन्याही फिरकल्या नाहीत. दरम्यान २०१८ पासून देश महेशखालीच्या तरंगत्या टर्मिनलवर द्रवरूप वायू आयात करू लागला होता. समुद्रातून वायू आला, पण कतारहून, जहाजाने, डॉलर मोजून.

कारणं अनेक आहेत: भाव, करारातल्या अटी, राजकीय अनिश्चितता. मला सगळ्यात मोठं वाटतं ते माहितीचं. समुद्रतळाखाली काय आहे याची भूकंपलहरींनी केलेली पाहणी तयार नसेल तर कंपनी अंधारात पैसे टाकत नाही. हद्द ठरल्यावर पहिली तीन-चार वर्षं निव्वळ पाहणीला दिली असती तर २०२४ ची पेटी कदाचित रिकामी निघाली नसती. म्यानमारने वाद चालू असतानाही पाहणी थांबवली नव्हती.

मासा: कोर्टाच्या निकालापेक्षा तांदूळ कामी आला

इथे मुलं नेहमी चुकतात. समुद्र वाढला म्हणजे मासा वाढला, असं लिहितात. बांगलादेशचं वार्षिक मत्स्योत्पादन ४९ लाख टनांच्या आसपास, त्यात समुद्राचा वाटा सातव्या हिश्श्याच्या जवळपास. बाकीचा मासा तळ्यांतला, नद्यांतला, शेतातल्या साचलेल्या पाण्यातला. सागरी मासळीतही मोठा वाटा छोट्या होड्यांचा, ज्या किनाऱ्याजवळ फिरतात. चाळीस मीटरपेक्षा उथळ पाणी कायद्याने त्यांच्यासाठी राखलेलं आहे, ट्रॉलरने त्याच्या बाहेर राहायचं. खटल्यात मिळालेलं पाणी याच्याही खूप पुढचं, खोल. तिथे टूना आहे असं म्हणतात, पण तो धरायला लांब दोरीला हजारो गळ लावणारी जहाजं लागतात, बर्फ नव्हे तर खोल गोठवण लागते, आणि ते काम येणारे खलाशी लागतात. सरकारने २०२० मध्ये अशी जहाजं घेण्याचा प्रायोगिक प्रकल्प मंजूर केला आणि तो रखडला. शेजारी श्रीलंकेचे मच्छीमार कित्येक वर्षांपासून टूना धरून परदेशी पाठवतात.

आणि मासा किती आहे? समुद्रातल्या साठ्याची मोठी मोजणी १९७०-८० च्या दशकांतली. त्यानंतर नॉर्वेचं ‘डॉ. फ्रित्योफ नान्सेन’ हे संशोधन जहाज २०१८ मध्ये येऊन गेलं. निकाल आणि या जहाजाची फेरी यांच्यामध्ये चार वर्षं. या काळात धोरणाचे मसुदे मात्र निघत होते.

जिथे यश आलं ते हिल्सा या माशाच्या बाबतीत, जो अंडी घालायला समुद्रातून नदीत येतो. या शतकाच्या सुरुवातीला हिल्साचं उत्पादन दोन लाख टनांच्या खाली गेलं होतं, पुढे ते साडेपाच लाखांच्या वर नेलं. रीत साधी आणि कडक: २५ सेंटिमीटरच्या आतलं पिल्लू, ज्याला तिथे जाटका म्हणतात, ते नोव्हेंबर ते जून धरायचं नाही; ऑक्टोबरमध्ये अंडी घालायच्या काळात २२ दिवस पूर्ण बंदी; नद्यांत राखीव पट्टे; आणि बंदीच्या काळात नोंदणीकृत मच्छीमार कुटुंबाला सरकारी तांदूळ. यातलं काहीही हॅम्बुर्ग-हेगला जाऊन मिळालेलं नाही. गेल्या काही वर्षांत हा आकडा पुन्हा घसरतोय, नदीच्या मुखाशी गाळ आणि बारीक जाळी ही दोन कारणं तिथले लोक सांगतात.

करमाळा तालुक्यातून, उजनीच्या फुगवट्याच्या काठावरून येणारा एक विद्यार्थी या भागात फार बोलला. घरचे चुलते मासे धरतात. चिलापी, कटला, रोहू. माल भिगवणच्या बाजारात. तो म्हणाला, “सर, आमच्याकडं बारीक आसाची जाळी लावून पिल्लंच उचलतात. वडाप म्हणतात त्याला. एका ओढीत क्रेट भरतो, पण ती पिल्लं मोठी झाली असती तर किती क्रेट भरले असते, ते कुणी मोजत नाही. आणि तक्रार केली तर आप्पा म्हणतात, बंदी घाल, पण त्या महिन्यात चूल कशावर पेटवू ते पण सांग.” आप्पा म्हणजे ते चुलते. बांगलादेशच्या हिल्सा योजनेतला तांदूळ नेमका याच प्रश्नाचं उत्तर होता, अपुरं असेल, उशिरा पोचत असेल, तरी उत्तर.

समुद्रातल्या बंदीची गोष्ट अशी सरळ गेली नाही. ६५ दिवसांची बंदी, २० मे ते २३ जुलै, २०१५ पासून ट्रॉलरना होती. २०१९ पासून सगळ्या होड्यांना लागू झाली. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या मध्यापासून २३ जुलैपर्यंत भारतीय होड्या समुद्रात आणि बांगलादेशी घरी. एकाच उपसागरातला मासा, त्याला हद्दीची रेषा दिसत नाही. आमचा मासा ते नेतात, ही तक्रार मच्छीमार वर्षानुवर्षं करत राहिले. अखेर २०२५ मध्ये ढाक्याने तारखा बदलल्या: १५ एप्रिल ते ११ जून, ५८ दिवस. एक रुपयाही न लागणारा हा बदल व्हायला इतकी वर्षं का लागली, असं वर्गात विचारलं तर उत्तर येतं, “फाइल कुठल्या खात्यात होती सर?” मुलं शिकतात.

बंदर: खोलीचा प्रश्न

बांगलादेशची खरी नील अर्थव्यवस्था आजही एका नदीच्या तोंडाशी आहे. देशाचा जवळजवळ सगळा कंटेनर व्यापार कर्णफुली नदीवरच्या चट्टोग्राम (चितगाव) बंदरातून चालतो, वर्षाला तीस लाखांवर कंटेनर. भरती आली की वाटाड्या घेऊन जहाजं आत येतात. जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली राहतो तो ड्राफ्ट, आणि चट्टोग्रामला तो साडेनऊ मीटर चालायचा, २०२३ पासून दहा. आपल्या न्हावाशेव्याला पंधरा. दहा मीटरमध्ये मोठी मदर व्हेसल येतच नाही. त्यामुळे नारायणगंजचा शर्ट आधी छोट्या फीडर जहाजातून कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला जातो, तिथे उतरतो, थांबतो, मोठ्या जहाजावर चढतो आणि मग युरोप. दर कंटेनरमागे दोनदा हाताळणी, आठवडा-दोन आठवडे जास्त आणि भाडं जास्त.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग चालवणाऱ्या एका कारखानदारांकडे मी मुलांना घेऊन गेलो होतो. घरात तेलुगू बोलणारं, तीन पिढ्या मागावर काढलेलं घर. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण युरोपचा खरेदीदार त्याला भुलून ऑर्डर देत नाही, तो तारीख बघतो. मागावरून उतरलेल्या टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांच्या रांगेत उभं राहून ते बोलत होते, माग बंद झाल्यावरच ऐकू येत होतं. वर्गातल्या मुलीने, त्यांचीच पुतणी, विचारलं, “अण्णा, बांगलादेशचा माल स्वस्त कसा पडतो मग? त्यांचं तर बंदर उथळ आहे.” ते म्हणाले, “मजुरी आणि ड्यूटी. युरोपात त्यांना ड्यूटी नाय, आपल्याला हाय. बंदर चांगलं झालं ना त्यांचं, तर आपल्याला अजून जड जाणार. म्हणून तुमचे सर ते शिकवतात, तर मी पण ऐकतो.” हसले आणि माग पुन्हा सुरू केला.

त्यांनी बोट बरोबर ठेवलं. सर्वांत कमी विकसित देश म्हणून बांगलादेशला मिळणाऱ्या सवलती टप्प्याटप्प्याने जाणार आहेत. त्या गटातून बाहेर पडायची नियोजित तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे, युरोपची सवलत आणखी तीन वर्षं चालेल. ड्यूटीतला फायदा गेला की बंदरावर वाया जाणारा प्रत्येक दिवस उघडा पडेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘सोंगा चीता’ नावाचं जहाज हजाराच्या आत कंटेनर घेऊन चट्टोग्रामहून थेट इटलीच्या रावेन्नाला गेलं, नेहमीच्या निम्म्या वेळात. भाडी आकाशाला भिडली होती म्हणून ते परवडलं. पण थेट गेलं तर किती दिवस वाचतात हे एकदा सगळ्यांनी पाहिलं.

मग खोल बंदर का नाही? इथे तीन नावं येतात आणि तिन्हींची गोष्ट वेगळी. सोनादिया चीनच्या मदतीने व्हायचं होतं. पंतप्रधानांच्या २०१४ च्या बीजिंग भेटीत करार होईल अशी चर्चा होती, झाला नाही, २०२० मध्ये प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला. शेजाऱ्यांना ते नको होतं हे उघड गुपित. पायरा पश्चिमेला, २०१६ पासून मर्यादित सुरू. तिथली जहाजाची वाट सुमारे ७५ किलोमीटर लांब, आणि गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघना मिळून वर्षाला अंदाजे शंभर कोटी टन गाळ याच उपसागरात आणतात. परकीय चलनाच्या गंगाजळीतून कर्ज काढून वाट खोल केली आणि ती पुन्हा भरू लागली. गाळाच्या त्रिभुज प्रदेशात खोली टिकवणं म्हणजे दरवर्षी खर्च, आणि तो हिशेब बंदर बांधायच्या आधी करायचा असतो. हे सांगायला सागरी तज्ज्ञ लागत नाही, उजनीचा गाळ किती आणि तो काढायचा कुणी यावर आपल्याकडे किती बैठका झाल्या ते आठवावं.

तिसरं मातारबारी. मला हे प्रकरण सगळ्यात आवडतं, कारण ते जवळजवळ ओघात आलं. जपानच्या मदतीने तिथे १,२०० मेगावॅटचं कोळशाचं वीजकेंद्र उभं राहत होतं, कोळशाच्या जहाजांसाठी १४ किलोमीटरची खोल वाट खणली होती. ती वाट रुंद केली तर कंटेनरची जहाजंही येतील, असा विचार पुढे आला. सोळा मीटरपर्यंतची खोली. वीजकेंद्राला येणारा कोळसा २०२३ पासून याच वाटेने येतो. बंदराच्या बांधकामाचे मोठे करार जपानी कंपन्यांशी २०२५ मध्ये झाले, पूर्ण व्हायला हे दशक संपेल. निकालात मिळालेल्या समुद्राशी याचा संबंध नाही, ही वाट बांगलादेशच्या जुन्याच पाण्यात आहे. चट्टोग्रामलगतच्या बे टर्मिनललाही जागतिक बँकेने २०२४ मध्ये ६५ कोटी डॉलर मंजूर केले.

जहाजतोडणीवर एवढंच: सीताकुंडचे किनारे जगातल्या मोठ्या जहाजतोडणी पट्ट्यांपैकी एक, आपल्या गुजरातेतल्या अलंगसारखे. जहाजं सुरक्षितपणे तोडण्याबद्दलचा हाँगकाँग करार बांगलादेशने आणि लायबेरियाने जून २०२३ मध्ये स्वीकारला, म्हणून तो जून २०२५ पासून लागू होऊ शकला. ज्या यार्डांनी सुधारणा केल्या ती टिकली, बाकीची बंद होत आहेत. नील अर्थव्यवस्थेच्या सव्वीस क्षेत्रांपैकी हे एक खरोखर चालू असलेलं क्षेत्र, आणि त्याच्यावर भाषणं सर्वांत कमी होतात.

२०२५ ची गाठ

वर्ग सुरू असतानाच प्रकरणाला नवं वळण मिळालं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने बांगलादेशी माल आपल्या भूमार्गे तिसऱ्या देशांना पाठवायची सोय काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशने बेनापोलसारख्या जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणं थांबवलं. १७ मे रोजी भारताने तयार कपडे जमिनीच्या नाक्यांतून घेणं बंद केलं. ते फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतूनच येतील. जो शर्ट पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकने काही दिवसांत कोलकात्याला पोचायचा, तो मुंबईच्या बाजारासाठी आता अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून न्हावाशेव्याला उतरणार, ज्या बंदरातून सोलापूरचे टॉवेल निघतात तिथेच. जमिनीवरचा दरवाजा अर्धा मिटला की उथळ बंदराचं महत्त्व दुप्पट होतं.

शंभर रुपयांचा प्रश्न

शेवटी मी मुलांना एक काम देतो. तुम्ही ढाक्यात बसला आहात, २०१४ सालचा जुलै, निकाल आत्ताच हातात पडलाय. समुद्रावर खर्चायला शंभर रुपये. वाटा.

प्रकरण वाचायच्या आधी बहुतेकांनी चाळीस-पन्नास रुपये वायूला आणि वीस पर्यटनाला दिले होते. नंतर चित्र बदललं. करमाळ्याच्या मुलाने तीस रुपये बंदीच्या काळातल्या तांदळाला आणि होड्यांच्या नोंदणीला दिले, दहा मोजणीच्या जहाजाला, बाकी बंदराला. टॉवेलवाल्यांची पुतणी म्हणाली, साठ रुपये खोल बंदराला, आणि जागा कुठली ते गाळ मोजून, दिल्ली-बीजिंग बघून नाही. तिसऱ्याने पाच रुपये बाजूला काढले: ज्या सागरी विभागाने खटला जिंकला, त्यालाच समुद्राचा मेळ घालायचा अधिकार कायद्याने द्यायला. यावर वाद झाला, परराष्ट्र खात्याला मासा कशाला, असं दोघे-तिघे म्हणाले.

मी माझे रुपये असे वाटले असते: पंचवीस समुद्रतळ आणि मासे दोन्हींच्या मोजणीला, पहिल्या तीन वर्षांत, चाळीस मातारबारीला, पण २०१४ मध्येच, वीस किनाऱ्यावरच्या छोट्या होड्यांना, म्हणजे बिनतारी यंत्रणा, बर्फ, बंदीचा तांदूळ, दहा खलाशी आणि खोल समुद्रातली मासेमारी शिकवायला, पाच त्या विभागाला. वायूसाठी शून्य. पाहणी झाली की तो पैसा कंपन्या आणतात.

करमाळ्याच्या मुलाला ते शून्य पटलं नाही. म्यानमारने वायू काढला तो सरकारने मागे लागून, असं त्याचं म्हणणं. पुढच्या तुकडीला वाचायला देताना फाइलमध्ये आम्हा दोघांचे कागद आहेत.